धोंडू डबलबेलची स्वच्छ प्रत

उन्नतीनं मागितलं ते काही फार नव्हतं. सोनं मागितलं असतं तर हिरामण मढवीनं कपाळाला आठ्या घालून का होईना, दिलं असतं. एकुलती एक पोर, तिला नाही कशाला म्हणतोय? पण रविवारी दुपारी मासळीचं जेवण झाल्यावर तिनं मनगट पुढं केलं आणि म्हणाली, "पप्पा, इथं टॅटू काढायचाय मला. आईच्या अक्षरात माझं नाव. तिच्या हातचं 'उन्नती' लिहिलेलं काहीतरी शोधून द्या ना. टॅटूवाला बोललाय, फोटो पाठवला तरी चालेल."

सगुणाला जाऊन दोन वर्षं झाली होती. हिरामण "बघतो" म्हणाला आणि उगाच भांडी घासायला उठला. पोरीनं "राहू द्या, मी घासते" म्हटलं तरी ऐकलं नाही.

ती खांदेश्वरला सासरी गेली आणि त्यानं कपाटं उपसली. काय होतं सगुणाच्या हातचं? बँकेच्या फॉर्मवर सही होती, 'स. हि. मढवी', तीही घाबरत घाबरत केलेली. रेशनकार्ड रेशनवाल्यानं लिहिलेलं. गॅसच्या वहीत नुसत्या तारखा. मोबाइल आल्यापासून बाई बोलूनच मेसेज पाठवायची. सातवी शिकलेली आगरी बाई, तिला लिहायला लागतंय कशाला, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. सगुणानं अकरा वर्षं जवळजवळ रोज लिहिलं होतं. ते सगळं गेलं कुठं, हे आता जगात एकट्या हिरामणला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो उपसलेल्या कपाटापुढं मटकन खाली बसला.

ही गोष्ट नीट सांगायची तर धोंडूपासून सुरुवात करावी लागेल. 'धोंडू डबलबेल' ही पेपरात येणारी चित्रपट्टी. तीन चौकटी, त्यात एक एसटीचा कंडक्टर. पोट सुटलेला, खांद्याला चामड्याची पिशवी, पायात एक बूट आणि एक चप्पल. रोज कुणाला तरी चुकीच्या स्टॉपवर उतरवायचा आणि वर त्यालाच दम द्यायचा. खवणेकर नावाचा चित्रकार ती काढायचा. पेपर पुढं बंद पडला, खवणेकर वारला आणि धोंडू लोकांच्या आठवणीत तेवढा उरला.

हिरामणचं लग्न झालं त्या वर्षी धोंडू जोरात होता. नेरूळच्या गावठाणातलं घर, तेव्हा घरात चौदा माणसं. आई-बाप, दोन भाऊ, भावजया, त्यांची पोरं, वर एक विधवा आत्या. नव्या सुनेनं नवऱ्याशी चार शब्द बोलायचे म्हणजे काय चोरी होती काय? पण होतीच म्हणा ना! सासऱ्यासमोर नवऱ्याकडं बघायचं नाही, आत्यासमोर हसायचं नाही, आणि आत्या तर सदानकदा समोरच. मग सगुणानं युक्ती काढली. सकाळी सासऱ्याचा पेपर वाचून झाला की ब्लाउज शिवायच्या कात्रीनं ती धोंडूची पट्टी कापायची, भोवतीचा कोरा कागद मुद्दाम रुंद ठेवायची, त्यावर निळ्या बॉलपेननं चार ओळी लिहायची आणि घडी करून हिरामणच्या डब्यात भाकरीवर ठेवायची. कडेला जागा पुरली नाही तर बाईचं पेन सरळ धोंडूच्या अंगावरून जायचं.

हिरामण न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होता. दुपारी डबा उघडला की चार टाळकी गोळा. "मढवी, आज धोंडू काय म्हणतो रे?" गडी लाजेनं लालबुंद. बायकोनं लिहिलेलं ह्या टग्यांच्या हाती लागलं तर वर्षभर पुरवून पुरवून चिडवतील! म्हणून तो कडेचा कागद पटकन मागं दुमडायचा आणि नुसतं चित्र फिरवायचा. हशा व्हायचा. मग पट्टी पुन्हा डब्यात. नंतर एकट्यानं उघडून वाचायची, असं तो ठरवायचा. पहिले काही महिने वाचलीही. पुढं पुढं राहूनच गेलं. संध्याकाळी सगुणा डबा घेताना हळूच विचारायची, "वाचलंव?" आणि तो म्हणायचा, "हो तर."

सगुणा त्या पट्ट्या टाकायची नाही. तेलाचा डाग पुसून, मैद्याची खळ करून वहीत चिकटवायची. वह्या तिच्या लग्नातल्या ट्रंकेत, शालूखाली. उन्नती झाली, भाऊ वेगळे झाले, आत्या गेली, जुनं घर पाडून त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, त्यातले दोन खण ह्यांच्या वाट्याला आले. मोकळेपणानं बोलायला आता कुणाची आडकाठी नव्हती. तरी पेपर बंद पडेपर्यंत बाईनं डब्यात पट्टी ठेवणं सोडलं नाही. सवयच ती.

मधल्या काळात हिरामण शिपायाचा डॉक्युमेंट क्लार्क झाला. आयात-निर्यातीचे कागद स्कॅन करायचे आणि कस्टमच्या साइटवर चढवायचे. कागद तिरका नको, डाग नको, पेनची खूण नको. एक ठिपका इकडंतिकडं झाला तर कंटेनर अडकतो. आपला गडी त्यात असा तरबेज झाला की साहेब नव्या पोरांना सांगायचे, मढवीचं स्कॅन बघा, आरसा आहे आरसा. आयुष्यात कौतुक असं हिरामणचं एवढंच झालेलं. त्यावर तो जगत होता.

आणि मग मोबाइलवर त्याला 'डबलबेल मंडळ' सापडलं. धोंडूचे साडेचारशे चाहते, कुणी नाशिकचा, कुणी सांगलीचा, कुणी थेट दुबईचा. ज्याच्याकडं जुन्या पट्ट्या असतील त्यानं स्कॅन करून टाकायच्या, बाकीच्यांनी उतरवून घ्यायच्या. विकायचं नाही, फुकट वाटायचं, म्हणजे मग त्यात वाईट काय, असा सगळ्यांचा समज. खवणेकरांचं कुणी मागं असेल, चित्रं त्यांच्या मालकीची असतील, असा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. मंडळाचा एक रिवाज होता. तेलकट, पेननं गिरगटलेली पट्टी म्हणजे 'कळकट प्रत'. झाडून पुसून, डागबिग काढून लख्ख केलेली ती 'स्वच्छ प्रत'. जो अख्ख्या वर्षाच्या स्वच्छ प्रती देईल त्याचं नाव 'मानकरी' म्हणून सगळ्यात वर. मंडळ चालवणारा यशराज नावाचा कोवळा सॉफ्टवेअर इंजिनीअर. त्याला हिरामणच्या ट्रंकेतल्या वह्यांचा सुगावा लागला आणि त्यानं काकांना हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं की विचारू नका.

लॉकडाऊन लागला. ऑफिस आठवड्यातून दोन दिवस. हिरामणनं वह्या बाहेर काढल्या. परातीत कोमट पाणी घ्यायचं, वहीचं पान बुडवायचं, खळ सुटली की पट्टी अलगद उचलायची, पंख्याखाली वाळवायची. वाळली की कटरनं चौकटीला लागून कडा कापायच्या, कारण मंडळाला चौकटीबाहेरचं काही चालत नसे. मग स्कॅन. मग स्क्रीनवर चौपट मोठं करून चित्रावर आलेलं निळं पेन एकेक ठिपक्यानं पुसायचं, आणि पुसताना धोंडूची रेघ गेली तर ती आपल्या हातानं पुन्हा ओढायची. तीन हजारांवर पट्ट्या. सहा महिने गडी त्यातच.

सगुणा एक दिवस केर काढायला आली. खुर्चीखाली कापलेल्या कडांचा ढीग पडला होता. ती झाडू टेकवून उभी राहिली. "आवो, ह्यावर मी लिवलेलं हाय."

"त्याला काय करायचा?" हिरामण मान वर न करता म्हणाला. "लोकांना धोंडू पायजे, तुजी भाजी-भाकरी कोनाला पायजे?"

एक कपटा उचलून तिनं वाचला, कनवटीला खोचते की काय असं वाटलं, पण नाही, परत ढिगात टाकला. सगळं सुपलीत भरलं आणि सकाळच्या घंटागाडीत स्वतःच्या हातानं टाकून आली. त्या आठवड्यात हिरामणचं नाव मानकऱ्यांत सगळ्यात वर लागलं. त्यानं ते तिला दाखवलं. ती म्हणाली, "बरा झाला."

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर मंडळात वकिलाचं पत्र येऊन थडकलं. खवणेकरांची मुलगी जयमाला नेरूळमध्येच राहत होती. बापाच्या चित्रांचं पुस्तक काढायचं म्हणून ती प्रकाशकांचे उंबरे झिजवत होती, आणि प्रकाशक म्हणत होते, बाई, सगळा धोंडू लख्ख स्वच्छ करून फुकट वाटलाय लोकांनी, आता विकत कोण घेणार? पत्रात लिहिलं होतं, सगळं काढून टाका, नाहीतर कोर्टात भेटू. यशराजनं एका दुपारीत मंडळ बंद केलं.

बाकीच्यांनी मोबाइलवरून चित्रं पुसली आणि ते मोकळे झाले. पण हिरामण पडला कस्टमच्या कागदांतला माणूस. चोराच्या मनात चांदणं. माल जवळ सापडला की गुन्हा शाबित, हे त्यानं पंचवीस वर्षं बघितलेलं. अधिकारी येतात, पंच बोलावतात, कपाटं उघडतात, कागद न् कागद मोजून पंचनामा करतात. त्याची पाचावर धारण बसली. त्यानं कॉम्प्युटरची डिस्क फॉरमॅट मारली, पुसण्याआधीचे स्कॅनही त्यातच गेले. आणि पट्ट्या, ज्यांच्यावर चित्रावरून गेलेलं निळं पेन अजून होतं, त्या पिशवीत भरून खाडीच्या बांधावर नेल्या आणि जाळल्या. अरे बाबा, स्वतःच्या घरच्या पेपरची कात्रणं ठेवायला कुठला कायदा आडवा येतो? पण विचारायला कुणाला गेला असता? सगुणा मागोमाग आली होती. "सगलाच जालताव?" तिनं विचारलं. "सगला," तो म्हणाला. ती घरी परतली आणि तिनं वाल सोलायला घेतले.

त्यानंतर आठ महिन्यांनी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तिसऱ्या दिवशी ती गेली. शेवटचं बोलणं असं काही झालंच नाही.

तर आता उपसलेल्या कपाटापुढं बसलेल्या हिरामणला सुचून सुचून काय सुचावं? जयमालाबाईंनी कोर्टासाठी पुरावा म्हणून मंडळातलं सगळं उतरवून ठेवलं असणार. त्यात कुठंतरी, एखाद्या पट्टीत, आपल्या हातून निसटलेलं एखादं अक्षर असेल. 'उन्नती' असेल. ज्या बाईच्या पोटावर आपण पाय दिला तिच्याच दारात जायचं, लाज वाटायला हवी होती. वाटलीही. तरी गेला.

जयमालाबाई साठीच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. नाव ऐकून त्यांनी दार अर्धंच उघडं ठेवलं. "हिरामण मढवी म्हणजे ते मानकरी ना? आता काय राहिलंय न्यायचं?"

"ताई, तुमचं काय नको," हिरामण म्हणाला, आणि पायपुसण्यावर उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. डबा, आत्या, कात्री, कोमट पाणी, घंटागाडी, बांधावरची राख. मग बाईंनी दार पूर्ण उघडलं.

त्यांनी चार जाडजूड फायली टेबलावर आणून ठेवल्या. सगळ्या पट्ट्या छापून काढलेल्या. दोघं समोरासमोर बसून पानं उलटू लागले. हिरामणनं ऑफिसातलं भिंग आणलं होतं. पान उलटायचं, भिंग फिरवायचं. पांढरं. पुढचं पान, पांढरं. कुठं तेलाचा डाग नाही, कुठं निळा ठिपका नाही. दुपारचे चार वाजले. बाईंनी चहा ठेवला, तो निवला.

"एक सांगू?" जयमालाबाई म्हणाल्या. "तक्रार केली तेव्हा मला चोरीपेक्षा ह्याचाच राग जास्त आला होता." त्यांनी एका पट्टीवर बोट ठेवलं. "हा धोंडूचा बूट बघा. ही रेघ बाबांची नाही. बाबांचा हात असा थांबत थांबत जात नसे. आणि ही पिशवीची कड. हीसुद्धा नाही. मला वाटलं, कोण हा शहाणा माझ्या बापाला दुरुस्त करतोय?"

हिरामणनं भिंग धरलं. ती रेघ त्याचीच होती. म्हणजे तिच्याखाली सगुणाचं पेन होतं. बुटावरून गेलेली तिची ओळ, पिशवीवरून वळलेली. ती ओळ कुठून कुठवर होती तेवढं आता त्याला दिसत होतं. ओळीत काय होतं ते नाही. त्याच्या तोंडून हुंदका फुटला, आणि परक्या बाईसमोर, साठी जवळ आलेला तो पुरुष लहान पोरासारखा रडला. "ताई, मी कामात कधी कुचराई केली नाय हो," तो म्हणत होता. "एकदा तरी करायला पायजे होती."

बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. तो निघताना त्यांनी ती बुटाची पट्टी फाइलमधून काढून त्याच्या हातात दिली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोरीला फोन करून खरं सांगितलं असतं. पण हिरामणला वाटलं, पोरीचं मन कशाला मोडायचं? दुसऱ्याची रेघ ओढायची सवय हाताला होतीच. दुसऱ्या दिवशी त्यानं कपाटात अंथरलेला जुना पिवळा पेपर काढला, त्याची कोरी कड फाडली आणि निळ्या बॉलपेननं 'उन्नती' लिहायला बसला. सगुणाच्या अक्षराचं वळण त्याला आठवत होतं, चौपट मोठं करून बघितलेलं. 'उ'चं पोट फुगीर, वेलांटी पार पलीकडं गेलेली. तीस-चाळीस वेळा लिहिलं. त्यातलं एक असं उतरलं की तो स्वतःच क्षणभर फसला. त्यानं ते कापून घेतलं आणि वर थोडं तेलाचं बोट लावलं.

रविवारी उन्नती आली. त्यानं तो कपटा तिच्या तळहातावर ठेवला. "ह्ये बघ. सापडला."

पोरीचे डोळे भरून आले. तिनं कपटा डोळ्यांजवळ नेला, मग खिडकीशी जाऊन उजेडात धरला.

"पप्पा," ती वळून म्हणाली, "शाळेत असताना दर जूनमध्ये माझ्या वह्यांवर नावं कोण घालायचं?"

"मी."

"मग? दहा वर्षं बघितलंय मी हे अक्षर. हे तुमचं आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "आईचं कुठाय?"

झाकायला आता काही उरलं नव्हतं. हिरामणनं सांगितलं. मानकरी झालो म्हणून सांगितलं, घंटागाडीचं सांगितलं, बांधावर जाळलं ते सांगितलं. सांगताना तो पोरीकडं बघत नव्हता, सगुणाच्या फोटोकडंही नाही, हातातल्या बुटाच्या पट्टीकडं बघत होता. उन्नती खाली फरशीवर बसली. ती चिडेल, ओरडेल, निघून जाईल, असं त्याला वाटलं होतं. तशी ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"बरं, नसू दे अक्षर," ती शेवटी म्हणाली, डोळे पुसत. "पण माझ्याबद्दल काय लिहायची ती? मी झाले तेव्हा काय लिहिलं होतं? मी पहिल्यांदा चालले तेव्हा? तेवढं तरी सांगा. मी लिहून ठेवते."

एकेक अक्षर हिरामणनं डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. 'उ' बघितला होता, 'न' बघितला होता, त्याच्यापुढचं आणि मागचंही.

"वाचला नाय गं बाय," तो म्हणाला. "मी नुसता पुसला."